खोली आधी, सामान नंतर

नवा दवाखाना काढायचं ठरलं की पहिला फोन फर्निचरवाल्याला जातो आणि दुसरा उपकरणांच्या विक्रेत्याला. गाळा ताब्यात येतो, छताला पीओपी होतं, काचेचं पार्टिशन उभं राहतं, डॉक्टरांचं टेबल आणि खुर्ची जागेवर येते. तपासणीचं टेबल उरलेल्या कोपऱ्यात सरकवलं जातं. ड्रेसिंग, टाके, सलाईन यांच्यासाठी जी जागा मिळते ती बहुतेकदा साठवणीच्या खोलीतून कापून काढलेली असते. पुढे वर्षानुवर्षं डॉक्टर, सिस्टर आणि रुग्ण त्या कोपऱ्याशी जुळवून घेत राहतात. हा क्रम उलटा व्हावा म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

तपासणीची खोली आणि छोट्या उपचारांची खोली हा उपचाराचाच भाग आहे, हे या पुस्तकाचं एकमेव सांगणं आहे. उजेड चांगला नसेल तर डोळ्यांतली सुरुवातीची कावीळ नजरेतून सुटते. हात धुण्याचं बेसिन वाटेत नसेल तर गर्दीच्या दिवशी हात धुणं मागे पडतं. पडदा अपुरा असेल तर स्तनातली गाठ दाखवायला आलेली बाई पाठ दुखते एवढंच सांगून परत जाते. यातलं काहीही डॉक्टरच्या अज्ञानामुळे घडत नाही. ते खोलीच्या नकाशामुळे घडतं, आणि नकाशा कागदावर असेपर्यंत तो दुरुस्त करायला काहीच खर्च येत नाही.

ही जाणीव वैद्यकाला नवी नाही. व्हिएन्नाच्या सूतिकागृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांविषयी लिहिताना खिडक्या, मोकळी हवा आणि खाटांमधलं अंतर यांनाच पहिलं स्थान दिलं. दोघांनीही नवं औषध शोधलं नव्हतं. डॉक्टरचे हात कुठून येतात आणि खोलीत हवा कुठून येते, हे त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं. पुढे मोठ्या रुग्णालयांसाठी या निरीक्षणांची परिमाणं झाली. आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रांसाठी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं आहेत आणि २०२२ साली ती नव्याने आली. दोन-तीन खोल्यांचा खासगी दवाखाना काढणारा डॉक्टर मात्र हे सगळे निर्णय सुताराबरोबर उभ्याउभ्या, एका संध्याकाळी घेऊन मोकळा होतो.

हे पुस्तक रत्नागिरीत लिहिलं गेलं आहे आणि त्याचा रोख मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांकडे आहे. जागा निवडताना, भिंत बांधताना, सामान विकत घेताना या जिल्ह्याचे तीन गुणधर्म सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागतात : अंतर, पाऊस आणि येणाऱ्या माणसांचं वय.

अंतराचं आधी. रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, चिपळूण तालुक्यात डेरवणचं रुग्णालय आणि महाविद्यालय आहे. सोय निश्चित वाढली आहे. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आजही कोल्हापूर किंवा मुंबई गाठणारे पुष्कळ. आंबा घाटातून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर पडतं, मुंबई साडेतीनशेच्या आसपास. डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं परिमाण आहे. पण कोकणात माणसं डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये विखुरलेली आहेत आणि मध्ये खाड्या आडव्या येतात. त्यामुळे आजारी माणूस पहिल्यांदा पोहोचतो तो बाजारपेठेतल्या किंवा तिठ्यावरच्या छोट्या दवाखान्यात. तिथल्या खोलीत पहिल्या अर्ध्या तासात काय होऊ शकतं, यावर पुढचा प्रवास अवलंबून असतो.

एकेकाळी हा दवाखाना डॉक्टरांच्या घराच्या ओटीवर असे. जांभ्याचं चिरेबंदी घर, पडवीत बाकं, ओटीवर डॉक्टर, आणि माजघराच्या दाराशी लावलेल्या पडद्याआड तपासणी. त्या रचनेत दोन गोष्टी फार शहाणपणाच्या होत्या. खोकणारी माणसं तीन बाजूंनी उघड्या पडवीत बसत, आणि चिखलाचे पाय दाराबाहेर धुऊन मगच आत येत. तिच्यात उणिवाही होत्या : आत पाण्याची सोय नसे, आणि पडद्यामागचं बोलणं बाकावर स्पष्ट ऐकू जाई. आज संकुलातल्या गाळ्यात दवाखाना गेला, पुढे शटर आणि मागे खिडकीशिवायची भिंत आली. पडवीचं शहाणपण गेलं आणि आडोशाची उणीव तशीच राहिली. नव्या दवाखान्याचा नकाशा काढताना प्रतीक्षेची जागा शक्य तितकी उघडी, तपासणीची शक्य तितकी बंद आणि दोहोंच्या मध्ये पाण्याचा नळ, एवढं ठरवलं तरी निम्मं काम झालं.

आता येणारी माणसं. या जिल्ह्यातले तरुण पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले आहेत. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. घरी राहतात त्या बायका आणि वृद्ध. म्हणजे दवाखान्याच्या टेबलावर चढणारी व्यक्ती बहुधा गुडघे दुखणारी सत्तरीतली आजी असते. बाजारात मिळणारं तपासणीचं टेबल साधारण ३२ इंच उंच असतं. ती उंची उभ्या डॉक्टरच्या सोयीची आहे. आजीला त्यावर चढवताना एक माणूस हाताला धरतो आणि दुसरा मागून आधार देतो. म्हणून दोन पायऱ्यांचा, न हलणारा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला स्टूल ही या खोलीतली पहिली खरेदी असायला हवी. उंची कमीजास्त होणारं टेबल परवडत असेल तर ते १८ ते २० इंचांपर्यंत खाली येतं का, हे आधी पाहावं. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, चाकाची खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ आणि रॅम्पचा चढ १२ फुटांना १ फूट, ही परिमाणं अपंगांसाठी म्हणून ओळखली जातात. कोकणात ती घराघरांतल्या वडीलधाऱ्यांसाठी लागतात.

वर्षाचं चक्रही ध्यानात घ्यावं. मृगाच्या पावसाबरोबर पेरणी आणि मग लावणी सुरू होते, आणि तिच्याबरोबर चिखलातल्या पायांच्या जखमा, लेप्टोस्पायरोसिसचा ताप, बांधावरचे सर्पदंश येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की मिरकरवाड्यासारख्या बंदरांवरून गळ रुतलेली बोटं, शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाचे दंश घेऊन माणसं येतात. पाकटाच्या दंशाच्या वेदना सोसवेल इतक्या गरम, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या, पाण्यात पाय बुडवून ठेवला की उतरतात. म्हणजे उपचाराच्या खोलीत गीझर आणि एक खोल टब हवा. गणपतीला चाकरमानी आले की आठवड्याभरासाठी गावाची वस्तीच बदलते, आणि मुंबईहून आलेला मधुमेही आपलं इन्सुलिन ठेवायला फ्रीज विचारतो. मार्च ते मे आंब्याच्या झाडावरून पडलेले, आणि काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजलेले. खेडजवळ लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या आसपास दवाखाना असेल तर डोळ्यात रसायन गेलेला कामगार कधीही येऊ शकतो. त्याला लगेच आणि किमान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरता येईल असा नळ लागतो. आपल्या दवाखान्यात बारा महिन्यांत काय येतं, याची अशी यादी प्रत्येकाने स्वतःची करावी. सामानाची यादी तिच्यातूनच निघते.

आता तपासणीच्या खोलीत शिरू. १० फूट बाय १२ फूट जागा असेल तर काम नीट होतं. त्याहून लहान खोलीत काहीतरी सोडावं लागतं आणि सुटतो तो बहुधा पडदा. रुग्णाच्या उजव्या बाजूला उभं राहून तपासायचं हे प्रत्येक डॉक्टर विद्यार्थिदशेत शिकतो. तरी कित्येक दवाखान्यांत टेबलाची उजवी बाजूच भिंतीला चिकटलेली असते आणि डॉक्टर आयुष्यभर उलट्या हाताने यकृत आणि प्लीहा चाचपतो. टेबलाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर भिंत आपल्या उजव्या हाताला यावी. डाव्या हाताला किमान तीन फूट मोकळे असावेत, आणि स्त्रीरोगाची तपासणी होत असेल तर पायथ्याशीही तेवढेच. दार आत उघडताना त्याची फळी टेबलाला झाकेल अशा बाजूला बिजागरी लावावी, म्हणजे कुणी चुकून दार ढकललं तरी बाहेरच्या बाकावरून रुग्ण दिसत नाही. पडदा छताच्या रुळावरून टेबलाभोवती पूर्ण फिरावा. स्त्री रुग्णाला तपासताना बाई मदतनीस हजर असते, तिलाही उभं राहायला जागा लागते; ती नकाशात दाखवावी.

आवाजाचा आडोसा पडद्याच्या आडोशाइतकाच महत्त्वाचा. प्लायवूडचं पार्टिशन छतापर्यंत गेलं नाही तर आतला प्रत्येक शब्द बाहेर जातो. लहान गावात बाकावर बसलेली माणसं एकमेकांच्या घरची असतात. क्षय, कुष्ठरोग, गर्भपात, दारू, मनाचा आजार यांपैकी काहीही तिथे मोठ्याने उच्चारता येत नाही, आणि जे उच्चारता येत नाही त्याचं निदान लांबतं. भिंत छताला टेकवणं आणि दाराखालची फट बुजवणं, हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे.

उजेडाविषयी दोन गोष्टी. पहिली, खिडकीतला दिवसाचा प्रकाश. कावीळ, पंडुरोग, ओठांचा निळेपणा, कुष्ठरोगाचा फिकट चट्टा हे सगळं खऱ्या प्रकाशात जसं दिसतं तसं निळसर ट्यूबखाली दिसत नाही. टेबल खिडकीजवळ असावं आणि काच खालच्या अर्ध्या भागात दुधी असावी, म्हणजे उजेड येतो आणि डोकावता येत नाही. दुसरी, कृत्रिम दिवा. सबंध खोलीत ५०० लक्स आणि जिथे बारीक पाहायचं तिथे हजार लक्स असा प्रकाश असावा. रंग खरे दाखवणारे, म्हणजे ९० च्या वर सीआरआय असलेले एलईडी दिवे आता सहज मिळतात. बरोबर मान वाकणारा एक दिवा भिंतीवर लावला की घसा, कान आणि जखम तिन्ही नीट दिसतात.

हवा कुठून येऊन कुठे जाते हे उदबत्ती लावून पाहता येतं. धूर डॉक्टरच्या खुर्चीकडून रुग्णाकडे आणि तिथून खिडकीबाहेर जायला हवा. क्षयाचा रुग्ण निदान होण्यापूर्वी महिनाभर खोकत दवाखान्यात येत असतो, त्यामुळे डॉक्टर आणि सिस्टर यांचं संरक्षण या एका गोष्टीवर अवलंबून आहे. स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही, हे अनेकांना गाळा बंद करून बसल्यावर कळतं. एसी लावायचा असेल तर एक्झॉस्ट पंखाही हवाच.

हात धुण्याचं बेसिन दार आणि टेबल यांच्या वाटेवर असावं. नळ कोपराने उघडणारा, साबण हाताशी, पुसायला रोजच्या टॉवेलऐवजी कागद किंवा एकदाच वापरायचे धुतलेले रुमाल. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिन दुसऱ्या खोलीत असेल तर त्यात जाण्या-येण्याच्या वेळाची भर पडते, आणि साठ रुग्णांच्या ओपीडीत तो वेळ कुणापाशी नसतो. टेबलाच्या कडेला हाताला लावायच्या अल्कोहोल द्रावणाची बाटली टांगून ठेवावी. मात्र हात चिखलाने किंवा रक्ताने भरले असतील तेव्हा पाणी-साबणाला पर्याय नाही.

उपचाराची खोली वेगळी असावी, हा माझा आग्रह आहे. जिथे खोकला तपासला तिथेच टाके घालू नयेत. १२ बाय १४ फुटांत टेबलाच्या चारही बाजूंनी फिरता येतं. दार चार फुटी असावं, म्हणजे स्ट्रेचर आडवं न करता आत येतं. खोलीत स्वच्छ बाजू आणि घाण बाजू अशी सरळ विभागणी करावी : एका भिंतीला निर्जंतुक ड्रम, हातमोजे, औषधांचं कपाट, समोरच्या भिंतीला वापरलेली हत्यारं धुण्याचं सिंक, कचऱ्याचे डबे, बाहेर जाणारं दार. वापरलेला किडनी ट्रे स्वच्छ भिंतीसमोरून परत जाता कामा नये. हत्यारं धुण्याचं सिंक आणि हात धुण्याचं बेसिन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. टेबलाच्या बरोबर वर छताचा पंखा लावू नये. तो जमिनीवरची धूळ उघड्या जखमेवर आणतो. जमिनीच्या फरशीला सांधे कमी असावेत आणि ती घसरडी नसावी, भिंत-जमिनीचा कोपरा गोलाई दिलेला असावा, आणि पाणी मोरीकडे वाहील इतका उतार असावा.

निर्जंतुकीकरण हा या खोलीचा कणा. १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटं, हे आकडे ऑटोक्लेव्हशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. हत्यारं उकळण्याने जीवाणूंची बीजं मरत नाहीत, म्हणून उकळणीचं भांडं आता इतिहासजमा करावं. रंग बदलणारी पट्टी प्रत्येक ड्रमवर लावावी आणि तारीख टाकावी. कोकणात आणखी एक पथ्य पाळावं लागतं : ऑटोक्लेव्हमधून ओला निघालेला पॅक निर्जंतुक मानायचा नाही. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, आणि जुलैत पॅक आपोआप वाळत नाही. वाळवण्याचा वेळ आवर्तनातच धरावा लागतो.

आणीबाणीच्या सामानाची चर्चा पुस्तकात सविस्तर आहे. इथे एका उदाहरणावर थांबतो, कारण ते आपल्या कोकणातलं आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचूदंशाची मुलं डोळ्यांदेखत दगावत. लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसं निकामी होतात, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, नाडी आणि रक्तदाब पुन्हापुन्हा मोजून टिपलं. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यूचं प्रमाण पूर्वीच्या तीस-चाळीस टक्क्यांवरून अगदी थोड्यावर आलं. त्यांचं लेखन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाला नजरेसमोरची खाट, लहान मुलाच्या दंडाला बसणारा रक्तदाबाचा पट्टा, घड्याळ आणि नोंदवही लागली. या चारही वस्तू प्रत्येक दवाखान्याच्या आवाक्यात आहेत. प्रश्न एवढाच की, निरीक्षणाची खाट डॉक्टरच्या खुर्चीवरून दिसेल अशा ठिकाणी आहे का.

सर्पदंशाचंही तसंच. घोणस किंवा फुरशाच्या दंशाने रक्त गोठण्याचं थांबलं आहे का, हे पाहायला एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी, दोन मिलिलिटर ताजं रक्त आणि २० मिनिटं पुरतात. नळी हलवायची नाही. वीस मिनिटांनी एकदा कलती करून पाहायची. प्लास्टिकची नळी चालत नाही आणि साबणाने धुतलेली काचेची नळीही चालत नाही. दोन्हींनी उत्तर चुकतं. म्हणून नव्या काचेच्या नळ्यांचा एक खोका आणि भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ हे रत्नागिरीतल्या उपचाराच्या खोलीचं अत्यावश्यक सामान आहे. प्रतिसर्पविष ठेवत असाल तर अ‍ॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार असल्याशिवाय त्याची पहिली बाटली सुरू करायची नाही.

ऑक्सिजनचा हिशेब अंतराशी जोडलेला आहे. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरतो, १० लिटरने अडीच तास. १०८ ची रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ आणि पुढे घाटातला प्रवास एकत्र धरला तर एक भरलेला आणि एक राखीव सिलिंडर हे किमान प्रमाण ठरतं. कॉन्सन्ट्रेटर उत्तम आहे, पण तो विजेवर चालतो, आणि वीज नेमकी वादळी रात्री जाते.

यावरून पावसाकडे येतो. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्याने जड असते. जांभा पाणी पितो, आणि पश्चिमेची झड थेट खिडकीतून आत येते. घरांना झापं लावायची आपली जुनी रीत होती. दवाखान्याच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला रुंद वळचण किंवा पुढे काढलेलं छप्पर तेच काम करतं. औषधांचं आणि निर्जंतुक सामानाचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मध्ये चार बोटांची फट ठेवावी. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या दमट हवेत पाकिटातच घट्ट होतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण सैल राहिलं तर साखरेचे आकडे चुकतात. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढते, हलक्या पोलादाच्या कात्रीच्या सांध्यात गंज धरतो. किनाऱ्यालगत खारी हवा हे सगळं आणखी लवकर करते. हत्यारं चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचीच घ्यावीत, लाकडी ड्रॉवरऐवजी घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल वापरावं, आणि भिंगांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब जळत ठेवावा.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीतल्या अनेक गावांची वीज कित्येक दिवस नेली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठेचे तळमजले बुडाले. खेडला जगबुडी आणि राजापूरला कोदवली अधूनमधून हाच अनुभव देतात. अशा गावांत दवाखाना काढणाऱ्याने शेजाऱ्यांना विचारून आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण आपल्या भिंतीवर काढावी. विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर, लसींचा फ्रीज, ऑक्सिजन आणि केसपेपरची कपाटं त्या खुणेच्या वर नेता येत नसतील तर वरचा मजला घ्यावा, आणि तोही नसेल तर दुसरी जागा शोधावी. इन्व्हर्टरवर सगळा दवाखाना टाकू नये. उपचाराच्या खोलीचा दिवा, सक्शन, कॉन्सन्ट्रेटर आणि २ ते ८ अंशांवर राहायला हवा असा फ्रीज यांचं सर्किट वेगळं काढून घ्यावं. भिंत उघडी असताना हे काम थोडक्यात होतं.

कचऱ्याची जागा शेवटी आठवते, म्हणून ती जिन्याखाली जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या आणि अँपूल निळ्या खोक्यात जातात. एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सुई तोडण्याचं यंत्र इंजेक्शन देणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर हवं. दोन पावलं चालावी लागली की सुईला पुन्हा टोपण घातलं जातं आणि सिस्टरच्या बोटाला टोचतं. डबे कुत्र्या-मांजरांना आणि मुलांना न पोहोचणाऱ्या, कुलूपबंद आणि पावसापासून सुरक्षित जागेत असावेत. सुरुवातीला काढलेल्या नकाशात ही जागा असेल तर ती चांगली होते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिला भाग जागा आणि नकाशा यांचा, दुसरा तपासणीच्या खोलीचा, तिसरा उपचाराच्या खोलीचा, चौथा पाऊस, वीज आणि पूर यांचा. सामानाच्या याद्या शेवटी आहेत. त्या आधी उघडू नयेत अशी विनंती आहे. प्रत्येक यादीत तीन रकाने आहेत : पहिल्या दिवशी हवंच, पहिल्या वर्षात घ्यावं, आणि परवडलं तर. चढायचा स्टूल, काचेच्या नळ्या आणि सुई तोडण्याचं यंत्र पहिल्या रकान्यात आहेत. रंगीत पडद्याचे मॉनिटर तिसऱ्यात. कर्ज काढून दवाखाना सुरू करणाऱ्या तरुण डॉक्टरने पैसे आधी भिंती, पाणी आणि वीज यांवर घालावेत, कारण यंत्र पुढच्या वर्षीही घेता येतं आणि बेसिनची पाइपलाइन चालू दवाखान्यात फोडून टाकता येत नाही.

हे पुस्तक डॉक्टरांसाठी आहे, तसंच सिस्टर, मदतनीस, वास्तुरचनाकार आणि गावातले गवंडी-सुतार यांच्यासाठीही आहे. नकाशा पक्का करण्याआधी तो त्या सर्वांना दाखवा. सिस्टरला विचारा की ट्रॉली कुठून फिरेल, मावशींना विचारा की फरशी पुसलेलं पाणी कुठे जाईल. मग जमिनीवर खडूने खोली आखा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दारातून आत आणा, टेबलाच्या जागेपर्यंत चालवा आणि परत बाहेर न्या. जिथे ती व्यक्ती अडखळेल तिथला खडू पुसा आणि पुन्हा आखा. भिंत त्यानंतर बांधा.